दया नव्हे, दक्षता

पक्ष्यांवर निबंध लिहावयास सांगितला की आमचे विद्यार्थी बहुधा ‘पक्षी ही निसर्गाची शोभा आहे’ या वाक्याने प्रारंभ करतात आणि ‘म्हणून आपण पक्ष्यांवर दया केली पाहिजे’ या वाक्याने शेवट करतात. दोन्ही वाक्ये ऐकावयास गोड आहेत. परंतु माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत. जी वस्तू केवळ शोभेची, ती अडचणीच्या वेळी सर्वांत आधी माळ्यावर जाते. आणि ज्याच्यावर आपण दया करतो, त्याचेच आपल्यावर ऋण असेल, ही शंकाही आपल्या मनास शिवत नाही. पक्षी हे रानाचे अलंकार नसून रानाचे कामकरी आहेत आणि त्यांच्या बाबतीत आपले कर्तव्य दयेपेक्षा दक्षतेचे अधिक आहे. या मताच्या पुष्ट्यर्थ पॅसिफिक महासागरातील एका चिमुकल्या पारव्याची हकीकत येथे सांगावीशी वाटते.

फिलिपाइन्सच्या पूर्वेस मारियाना नावाची बेटांची एक माळ आहे. तिच्या दक्षिण टोकाचे सर्वांत मोठे बेट म्हणजे ग्वाम. या बेटांवर वीतभर लांबीचा, फळांवर जगणारा एक पारवा आढळतो. तेथील चामोरो लोक त्याला तोतोत म्हणतात. अंग हिरवे, मान व छाती राखाडी, पोटाकडे पिवळा-नारिंगी रंग आणि कपाळावर गुलाबी टिळा! झाडाच्या पानोळ्यात तो बसला की दिसत नाही, नुसते घुमणे ऐकू येते. उत्तर मारियाना बेटांनी त्याला आपला अधिकृत पक्षी मानले आहे. या द्वीपमालेबाहेर तो पृथ्वीच्या पाठीवर कोठेही रानात आढळत नाही.

आपल्या अंगणातील पारवे व होले दाणे टिपतात. त्यांची पेषणी बळकट असते. तीत दाणा भरडला जातो आणि बीज नष्ट होते. फळे खाणाऱ्या या छोट्या पारव्यांचे तसे नाही. त्यांची पेषणी नाजूक आणि आतडे आखूड व रुंद असते. फळ ते सबंध गिळतात, गर तेवढा पचवितात आणि बी जशीच्या तशी दूरच्या जमिनीवर टाकतात. झाडाला पाय नसतात. पक्ष्याचे पंख हेच त्याचे पाय. ज्या बेटावर माकडे नाहीत, हत्ती नाहीत, तेथे रानाची पेरणी करावयास पक्ष्यांवाचून व वटवाघळांवाचून दुसरे आहे कोण?

दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली जपानने ग्वाम घेतले आणि १९४४ साली अमेरिकेने ते परत जिंकले. युद्धानंतर बेटावर लष्करी सामानाचे डोंगर येऊन पडू लागले. त्या सामानात दडून, कोणी न बोलावता, न्यू गिनीच्या बाजूचा एक तपकिरी वृक्षसर्प बहुधा १९४० ते १९५० च्या दशकांच्या सुमारास तेथे उतरला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. ग्वामवर पूर्वी साप म्हणजे गांडुळाएवढा एक वाळा तेवढा होता. रात्री फांदीवर चढून घरट्यातील अंडी व पिले गिळणारा शत्रू तेथील पक्ष्यांच्या पिढ्यानुपिढ्यांस ठाऊकच नव्हता. तोतोत तर काटक्यांच्या विरळ घरट्यात एकच अंडे घालणारा.

पुढे एकेक पक्षी नाहीसा होऊ लागला. कोणी रोगाला दोष दिला, कोणी कीटकनाशकांना. अखेर ज्यूली सॅव्हिज या संशोधिकेने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सापाचा गुन्हा पुराव्यानिशी मांडला. परंतु तोपर्यंत ग्वाममधील तोतोताचे घुमणे थांबले होते. बेटावरील रानपक्ष्यांच्या १२ मूळ जातींपैकी १० जाती तेथील रानातून गेल्या. त्यांतील माशीमार तर जगातूनच गेला. शेजारच्या बेटांवर तोतोत अजून आहे, एवढेच समाधान.

आता रानाचे काय झाले ते पाहा. पक्षी नाहीत म्हणून कोळी माजले. पावसाळ्यात ग्वामच्या रानात शेजारच्या बेटांच्या मानाने चाळीसपटीपर्यंत कोळी आढळले. फळे पिकतात आणि मूळ झाडाच्या सावलीतच पडून राहतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, बी वाहून नेणारे पक्षी गेल्यामुळे दोन जातींच्या झाडांत नव्या रोपांची भर ६१ ते ९२ टक्क्यांनी घटली असावी. त्या दोहोंपैकी एक झाड आपल्या दशमुळांतील अग्निमंथाचे सगोत्र आहे. रान अजून हिरवे दिसते खरे. पण ज्या घरात म्हातारी माणसे आहेत आणि पाळणा हलत नाही, त्या घरासारखे ते हिरवेपण आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. माणसाच्या पोटापाण्याचे प्रश्न सुटले नसता एका पारव्याची एवढी चिंता कशाला? माझे उत्तर असे की ग्वामच्या माणसांनाही या सापाची किंमत मोजावी लागली. तो विजेच्या तारांवर चढतो आणि वस्त्याच्या वस्त्या अंधारात जातात. विमानतळांवर व बंदरांत सामान हुंगावयास शिकविलेले कुत्रे ठेवावे लागले. मेलेल्या उंदरांत ८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घालून ते उंदीर हेलिकॉप्टरमधून रानात टाकण्याचा उपाय करावा लागला. आपल्या तापावरचे औषध या सापाला विष ठरते. इतके करूनही साप बेटावर आहेच. २०१२ साली साप न पोहोचलेल्या सारिगान या निर्मनुष्य बेटावर काही तोतोत नेऊन सोडण्यात आले, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा उपाय. पण जी पेटी उतरविताना चार घटका तपासली असती तर भागले असते, तिच्यापायी पिढ्यान्‌पिढ्या खर्च करावा लागावा, यापेक्षा महाग निष्काळजीपणा कोणता?

मुलांनो, ही गोष्ट वाचून सापाला शिव्या देऊ नका आणि आपल्या कुळागरातील धामणीवर काठी तर मुळीच उगारू नका. धामण आपल्या जागी आहे. ती उंदीर खाऊन आपले धान्य राखते. तो तपकिरी सापही आपल्या मायदेशी निरुपद्रवी म्हणावा असाच होता. दोष प्राण्याचा नव्हे, त्याला भलत्या जागी पोहोचविणाऱ्या बेफिकिरीचा आहे.

आणि बेट म्हणजे केवळ समुद्राने वेढलेली भूमी, असे समजू नका. चहूबाजूंनी शेते, रस्ते आणि घरे वाढली की आपल्या गावची देवराईदेखील एक बेटच होते. तेथेही वडापिंपळांची आणि जायफळाच्या कुळातील रानझाडांची पेरणी धनेश आणि फळे खाणारी पाखरे करतात. तेथेही परके पाहुणे घुसले आहेत. बागेची शोभा म्हणून या देशात आणलेली घाणेरी आज डोंगर व्यापून बसली आहे. आणि दूर अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या एका झुडपाला आपल्या लोकांनी नावच ‘रानमोडी’ असे दिले. आपल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या आजोबा-पणजोबांनी एका शब्दात केवढे शास्त्र सांगून ठेवले आहे!

म्हणून माझे सांगणे मोठे नाही. काचेच्या पेटीतील परदेशी मासा किंवा कासव नकोसे झाले म्हणून देवळाच्या तळीत सोडू नका. प्रवासातून येताना परमुलखातील रोप वा बी हौसेने पिशवीत घालू नका. देवराईतील वठलेले झाडही घरट्याची जागा असू शकते, याचे भान ठेवा. आणि पुढच्या वेळी पक्ष्यांवर निबंध लिहाल तेव्हा ‘शोभा’ हा शब्द खोडून त्या जागी ‘उपकार’ हा शब्द लिहा. उपकार जाणणाऱ्याला दया करण्याची पाळी सहसा येत नाही. तो आधीच दार लावून घेतो.