हात धुऊन पाठीस लागले!

सोमवारी सकाळी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन, आणि आरशात बघते तर पापण्या पुरीसारख्या टम्म! बॉसने हळूच विचारलं, 'रडलीस का गं?' पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. कानामागे, कपाळाच्या कडेला खाज वेगळीच. आईने निकाल देऊन टाकला : काजळ! झालं, दोन काजळं आणि एक महागडा मस्कारा कचऱ्यात. फरक शून्य.

मग एका लॅबचं 'फुल अ‍ॅलर्जी पॅकेज' केलं. रक्ताची एक बाटली आणि चार पानी रंगीत रिपोर्ट. त्यात काय, तर वांगं आणि कोळंबी! तीन महिने मी भरल्या वांग्याकडे बघून नुसते उसासे टाकले. पापण्या आपल्या सुजतच होत्या.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्या हसल्याच. म्हणाल्या, रक्ताची ही टेस्ट आणि हातावर थेंब टाकून टोचतात ती प्रिक टेस्ट, दोन्ही शोधतात आयजीई. म्हणजे काही मिनिटांत अंगावर गांधी उठवणारी अ‍ॅलर्जी. कातडीला काही लागून दिवस-दोन दिवसांनी उगवणारी अ‍ॅलर्जी टी-पेशींची. ती या रिपोर्टात दिसणारच नाही. तिच्यासाठी पॅच टेस्ट. योसेफ याडासोन या जर्मन डॉक्टरांनी ती 1895 मध्ये मांडली आणि अजून तिला तोड नाही.

पॅच टेस्टमध्येही दोन प्रकार आहेत बरं का. एक रेडीमेड : पट्ट्यांवर औषधं आधीच लावलेली, फाडा नि चिकटवा. मात्रा अचूक, वेळ कमी. पण त्यात कंपनीने ठरवलेले 35 पदार्थ, एवढंच. दुसरा प्रकार म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चिमुकल्या वाट्या. त्यांत डॉक्टर स्वतः एकेक पदार्थ भरतात. हे काम किचकट, हात सरावलेला हवा. पण यात आपल्याकडची 'इंडियन स्टँडर्ड सिरीज' लावता येते. पुण्यात मोकळ्या प्लॉटवर माजलेलं गाजर गवत त्या यादीत आहे! शिवाय तुमची स्वतःची क्रीम्सही लावता येतात. मी वाट्यांना मत दिलं. (साबण, शाम्पू मात्र तसेच घरी पाठीला चिकटवून बघू नका. भाजतं, आणि त्याला आपण अ‍ॅलर्जी समजतो.)

'काय काय लावतेस?' डॉक्टरांनी विचारलं. मी अख्खी यादी दिली. एक गोष्ट सोडून.

सोमवारी पाठीवर पट्ट्या लागल्या. पाठीवरून आंघोळ नाही, जिम नाही, घाम नाही. बुधवारी त्या काढल्या. निकेलच्या जागी लाल पुरळ. खोट्या कानातल्यांशी माझं शाळेपासूनच भांडण, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. आणखी एका जागी जेमतेम गुलाबी छटा. 'शुक्रवारी परत ये.' शुक्रवारी ऑफिसची पिकनिक होती हो! जीव खूप खाली-वर झाला, पण गेले. त्याच गुलाबी जागेवर आता फुगीर, पुटकुळ्यांचा लाल गोल. दोन प्लस. पीपीडी. पिकनिकला गेले असते तर निकेलवर खापर फोडून मोकळी झाले असते.

'केस रंगवतेस?'

पकडले गेले. वय 28 आणि कानशिलांजवळ पांढरे केस, कुणाला सांगणार? दर महिन्याला एका शनिवारी रात्री गुपचूप काळी मेंदी लावायची. पाकिटावर 'हर्बल' लिहिलेलं आणि आत पीपीडी. खऱ्या मेंदीचा रंग काळा नसतोच, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पाकिटावर 48 तास आधी टेस्ट करा असंही छापलं होतं. मी अर्धा तास वाट बघायची!

मी लपवलं, तरी सिरीजने पकडलं. कारण पीपीडी त्या यादीत असतंच.

आता पाकिटात एक चिठ्ठी असते : पार्लरमध्ये दाखवायची, आणि बेंझोकेनवालं बधीर करायचं मलम कुणी लावायला लागलं, तर त्यांनाही. 'पीपीडी-फ्री' डायवर डॉक्टरांनी काट मारली. त्यात बहुतेकदा पीपीडीची सख्खी बहीण असते म्हणे.

वांगं परत सुरू झालंय. मागच्या रविवारी आईने मेंदीचा नुसता पाला वाटून दिला. पांढऱ्या बटा झाल्या चक्क नारिंगी. सोमवारी बॉसने विचारलं, 'हायलाइट्स केलेस का गं?'

मी हो म्हणून टाकलं.