फुकट मिळते, पण पारखून घ्यावे

धान घरात आले की ते कुठे आणि कसे ठेवायचे, हे भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. ओल लागणारी जागा टाळायची, खाण्याचे वेगळे ठेवायचे आणि बियाण्याचे त्याहून जपून ठेवायचे, हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सातबाराचे उतारे, जातीचे दाखले, मुलांच्या गुणपत्रिका यांसाठीही घरोघरी पत्र्याची एक पेटी असतेच. आता हीच कागदपत्रे आणि लग्नकार्यातले हजारो फोटो संगणकात व मोबाइलमध्ये जाऊन बसले आहेत. तिथल्या साठवणीचे शहाणपण मात्र अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही. जागा संपली की हाताला लागेल ते पुसून टाकायचे, नाहीतर कुणीतरी सांगितलेले एखादे फुकटचे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचे, अशीच बहुतेक घरांची रीत दिसते.

विषय क्षुल्लक वाटेल. पण तो तसा नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. पूर पेटीतला कागद आणि टेबलावरचा संगणक यांत भेदभाव करीत नाही. ज्याच्या कागदांची नीट बांधलेली एक प्रत दुसऱ्या गावी सुरक्षित असेल, त्याचीच एक काळजी अशा वेळी कमी होते. ही मोट बांधण्याचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरची निवड म्हणूनच विचारपूर्वक व्हायला हवी.

मुळात फाईल लहान होते म्हणजे काय होते? एखाद्या मजकुरात तोच शब्द शंभर वेळा आला, तर तो एकदा लिहून पुढे नुसत्या खुणा ठेवल्या तरी चालते. अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या दोन इस्रायली शास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे. फाईल उलगडली की मूळ मजकूर अक्षर न् अक्षर परत मिळतो. फोटोची गोष्ट निराळी. धान भरडून तांदूळ केला की तूस जाते आणि त्या तांदळाचे पुन्हा धान होत नाही. कॅमेऱ्यातला जेपेग फोटो असा आधीच भरडलेला असतो. त्यामुळे फोटो आणि व्हिडिओ झिप केले तरी जागा फारशी वाचत नाही. शंभर फोटोंचा एक गठ्ठा होतो, एवढाच त्याचा उपयोग. अर्ज भरताना संकेतस्थळ ठरावीक आकाराच्या आतला फोटो मागते, तेव्हाही झिप कामाला येत नाही. तिथे फोटोच लहान करावा लागतो. जागेची चणचण मिटेल या आशेने जे ही सॉफ्टवेअर शोधतात, त्यांनी हा फरक आधी ध्यानात घ्यावा.

आता ‘फुकट’ या शब्दाकडे वळू. हा शब्द मोठा फसवा आहे. फिल काट्झ या अमेरिकी तरुणाने १९८९ मध्ये झिप ही पद्धत आणली आणि तिची रचना सर्वांसाठी खुली करून टाकली. काट्झ २००० साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला. पण त्याची झिप फाईल आज जगातला जवळजवळ प्रत्येक संगणक उघडतो. रशियाच्या युजीन रोशल यांनी १९९३ मध्ये रार पद्धत तयार केली. तिच्यासाठीचे विनरार आपल्याकडे अनेक संगणकांवर दिसते. पण ते फुकट नाही. चाळीस दिवस वापरून पाहा आणि मग पैसे भरा, अशी त्याची अट आहे. मुदत उलटली तरी ते चालत राहते, म्हणून लोक त्याला फुकट समजतात, इतकेच. शिवाय रार फाईल तयार करण्याचा हक्क त्या एकाच घराण्याकडे राखून ठेवलेला आहे. तिसरा प्रकार सेव्हन-झिपचा. इगोर पाव्हलोव्ह या रशियन प्रोग्रामरने १९९९ मध्ये ते आणले. त्याला दाम नाही आणि त्याची घडणही कुणालाही तपासता येते. त्याच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

मग निवड कशी करावी? पहिली कसोटी अशी की, वीस वर्षांनी ही मोट कोण उघडणार? सर्वांत घट्ट आवळणारे सॉफ्टवेअर उत्तम, असा एक समज आहे. पण घरच्या कागदपत्रांत वाचणारी जागा थोडी आणि न उघडण्याचा धोका मोठा. त्यामुळे घरासाठी साधी झिप पुरेशी आहे. तिच्यासाठी विंडोजमध्ये २००१ च्या एक्सपीपासून सोय आहे; वेगळे काही उतरवण्याचीही गरज नाही. २०२३ पासून विंडोज ११ रार आणि सेव्हन-झिपच्या फायलीही उघडू लागले. झिपमध्ये प्रत्येक फाईल स्वतंत्र बांधलेली असते. एखादी बिघडली तरी बाकीच्या सहसा वाचतात. न्याय म्हणून हेही सांगायला हवे की, बिघडलेली फाईल दुरुस्त करण्याची जोड रारमध्ये आहे आणि तो तिचा खरा गुण आहे.

दुसरी कसोटी गुप्ततेची. बँकेची वा ओळखीची कागदपत्रे परवलीचा शब्द घालूनच ठेवावीत. विंडोजच्या स्वतःच्या झिपमध्ये ती सोय नाही. सेव्हन-झिपमध्ये ती चांगल्या दर्जाची आहे. मात्र शब्द विसरला तर मोट कायमची बंद, हे विसरू नये.

तिसरी कसोटी सुरक्षिततेची. विनरारमध्ये सुमारे एकोणीस वर्षे दडून राहिलेला एक दोष २०१९ मध्ये उघड झाला. २०२३ आणि २०२५ मध्येही तिथे गंभीर दोष सापडले. सेव्हन-झिपमधला एक दोष २०२४ च्या अखेरीस दुरुस्त झाला. खुले म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही नाही. याच कुळातल्या एक्सझेड या खुल्या साधनात कुणीतरी मुद्दाम चोरवाट पेरल्याचे मार्च २०२४ मध्ये उघडकीस आले. पण घडण खुली होती म्हणूनच तिचा छडा लवकर लागला. तात्पर्य, सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि वर्षातून एकदोनदा नवी आवृत्ती बसवावी. पेनड्राइव्हवरून फिरत आलेली जुनी प्रत अथवा ‘पैसे न भरता पूर्ण’ म्हणून मिळणारी चोरटी प्रत हा चोराला दिलेला घराचा पत्ताच समजावा.

चौथी गोष्ट खास आपली. जुन्या विंडोजमध्ये देवनागरी नावांच्या फायली झिप होत नसत, किंवा दुसऱ्या संगणकावर त्या नावांची जागा प्रश्नचिन्हे घेत. झिपच्या रचनेत युनिकोड नावांची सोय २००६ मध्ये झाली. तेव्हा ‘आजोबांचा सातबारा’ असे नाव बिनदिक्कत द्यावे. मात्र मोट बांधल्यावर ती एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. बांधलेली मोट उघडून न पाहणे हीच या कामातली सर्वांत महागात पडणारी कसर आहे.

आणि ही मोट एकाच ठिकाणी ठेवू नये. एक प्रत घरच्या संगणकावर, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी परगावी, नागपूरला शिकणाऱ्या मुलाकडे वा तुमसरच्या मामांकडे असावी. भंडाऱ्याला पूर आला तरी तिन्ही प्रती एकदम बुडणार नाहीत.

घरांनी जे करावे, ते शाळा, ग्रामपंचायती आणि कार्यालयांनी तर आधी करावे. नागरिकाला पाठवलेली फाईल उघडण्यासाठी त्याला मुदतीचे सॉफ्टवेअर शोधावे लागू नये. सार्वजनिक कागद खुल्या पद्धतीतच बांधला जावा. शाळेत संगणकाच्या तासाला चित्रे रंगवण्याबरोबरच आपल्या घरच्या दहा कागदांची मोट बांधून ती पुन्हा उलगडण्याचा धडाही द्यावा. त्याला नवा पैसा लागत नाही. लागते ती फक्त बियाण्याचे धान जपताना दाखवतो तेवढी काळजी.