सोळाशे मीटर आणि एक कादंबरी

खेळावरील कादंबऱ्या बहुधा खेळ पाहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. अखेरच्या क्षणी फिरणारे पारडे आणि टाळ्यांचा कडकडाट यांवरच त्यांची भिस्त असते. जॉन पार्कर या अमेरिकी लेखकाची ‘वन्स अ रनर’ ही १९७८ सालची कादंबरी मात्र खुद्द धावणाऱ्यांनीच उचलून धरली. प्रकाशकांनी नाकारल्यावर पार्कर यांनी ती स्वतः छापली आणि शर्यतींच्या ठिकाणी मोटारीच्या डिकीतून विकली. पुढे ती दुकानांतून दिसेनाशी झाली. तरी जुन्या प्रती या हातातून त्या हातात फिरत राहिल्या, मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने विकल्या गेल्या. अखेर २००९ साली एका नामांकित प्रकाशनसंस्थेने ती पुन्हा काढली. प्रकाशकांच्या नजरेला न पडलेली ही मागणी होती तरी कशाची, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला साहजिकच पडतो.

त्याचे उत्तर पुस्तकातच आहे. पार्कर स्वतः फ्लोरिडा विद्यापीठाचे धावपटू; १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारा फ्रँक शॉर्टर हा त्यांच्या सरावातील सोबती. त्यांचा नायक क्वेंटन कॅसिडी हा एक मैलाच्या शर्यतीचा गडी. खेळाडूंवर लादलेल्या नियमांविरुद्ध उभा राहिल्याने त्याला विद्यापीठाबाहेर पडावे लागते आणि तो रानातल्या एका खोपटात राहून एकट्याने सराव करतो. या कादंबरीतील वाचकांच्या सर्वाधिक स्मरणात राहिलेला भाग म्हणजे सरावाचा एक दिवस. त्या दिवशी कॅसिडी पाव मैलाच्या साठ फेऱ्या धावतो. बाकी बरेचसे पुस्तक थकवा, ऊन, झोप आणि मैलांचा हिशेब यांनीच भरलेले आहे. न धावणाऱ्याला त्याचा कंटाळा येईलही. पण ज्या श्रमाला कोणी साक्षीदार नसतो, त्या श्रमाची नोंद कोणीतरी ठेवली, याचे समाधान धावणाऱ्याला त्यात लाभते.

कॅसिडीचा मैल १६०९ मीटरचा. आपल्या राज्यातील पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना धावावे लागते ते अंतर १६०० मीटर. फरक अवघ्या नऊ मीटरांचा! ढोकीहून तेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात धावणारी मुले या मैलासाठीच घाम गाळत असतात. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेचे. ऊसतोडीच्या आणि कोरडवाहू शेतीच्या या मुलखात त्या २० गुणांचे मोल काय, हे इथल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

साम्य इथेच संपते, हेही तितकेच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. कॅसिडी धावतो तो स्वतःच्या निवडीने. आपला तरुण धावतो तो घरच्या गरजेने. जागा थोड्या, उमेदवार अनेक. दोन-चार सेकंदांनी मागे राहिलेल्याची वर्षे कोणत्या खात्यात मांडायची? वयोमर्यादा उलटली की समाज त्या वर्षांवर ‘वाया गेली’ असा शिक्का मारून मोकळा होतो. श्रमाची किंमत केवळ फळावरून ठरवण्याची ही रीत बाजाराला शोभेल. माणसाच्या आयुष्याला ती अपुरी पडते. मात्र श्रमाचे गोडवे गाऊन नोकऱ्यांचा तुटवडा झाकणे हेही तितकेच अप्रामाणिक ठरेल.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तेथील अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, सियाचीनच्या बर्फात पहारा देऊन आला आणि २०१५ नंतर स्पर्धात्मक धावण्याकडे वळला. गोपाळ सैनी यांचा १९८१ सालचा ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम त्याने २०१८ साली मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो या शर्यतीच्या अंतिम फेरीत उतरला. या तारखा वृत्तपत्रांनी नोंदवल्या. पण २०१५ ते २०१८ या काळातल्या अनाम सकाळी कोणी लिहायच्या? आणि ज्यांच्या वाट्याला पदक आले नाही, वर्दीही आली नाही, त्यांच्या सकाळींचे काय?

हे काम कादंबरीचे आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) गावकरी तालीम उभी करतात, आणि त्या खटाटोपातून सारे गावच वाचकापुढे उभे राहते. भरतीसाठी धावणाऱ्या तरुणाच्या गोष्टीतही तेवढेच सामर्थ्य आहे. त्यात शेती येईल, कर्ज येईल, बहिणीचे लग्न येईल आणि घड्याळाचा निष्ठुर काटाही येईल. लेखकांनी ती लिहावी. आणि लिहिली गेली तर ग्रंथपालांनी ती भरतीच्या मार्गदर्शिकांशेजारीच ठेवावी.

तोवर ग्रामपंचायतींना आणि महाविद्यालयांना करता येण्याजोगे एक साधे काम आहे. वाहनांच्या झोतात जीव मुठीत धरून धावणाऱ्या या मुलामुलींसाठी चारशे मीटरचा सपाट मातीचा मार्ग आखावा आणि तेथे दोन दिवे लावावेत. त्यांना नोकरी देणे गावाच्या हाती नाही. पण त्यांच्या कष्टांची दखल घेणे निश्चितच आहे.