शब्दकोड्यांच्या कर्त्या

रत्नागिरीस श्रावणांत पावसाची झड लागली म्हणजे वर्तमानपत्रांतील शब्दकोडें मध्यें ठेवून आमचें सारें घर पडवीवर बसतें. एखादा शब्द अडला कीं माजघराकडे हांक जाते, आणि तांदूळ निवडतां निवडतां तेथून उत्तर येतें. परवां नातीनें विचारलें, "आजोबा, कोडीं सोडवितात बायका, मग रचतात कोण?"

वात्स्यायनानें स्त्रियांनीं शिकावयाच्या चौसष्ट कलांत प्रहेलिका, म्हणजे कोडें, गणिलें आहे. आपल्या 'उखाणा' या शब्दाचाही एक अर्थ कोडें असाच आहे. चौकटींचें शब्दकोडें मात्र अलीकडचें. आर्थर विन यांचें पहिलें कोडें २१ डिसेंबर १९१३ रोजीं 'न्यूयॉर्क वर्ल्ड' पत्रांत आलें. पण या खेळास शिस्त लाविली ती त्याच कचेरींतील मार्गारेट पेदरब्रिज, पुढें फरार, या बाईंनीं. प्रारंभीं त्या कोडें न सोडवितांच, दिसावयास सुबक तें छापावयास देत. चुकांबद्दल वाचकांचीं रागाचीं पत्रें येत. शेवटीं त्यांनीं स्वतः एक कोडें सोडवावयास घेतलें, आणि वाचकांचा त्रागा खरा ठरला. तेव्हांपासून आधीं पारखावें, मगच छापावें, असा त्यांनीं नेम केला. १९२४ सालीं दोन सहकाऱ्यांसह त्यांनीं शब्दकोड्यांचें पहिलें पुस्तक काढलें. १९४२ पासून १९६९ पर्यंत त्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या कोड्यांच्या संपादिका होत्या. आकृति समतोल असावी, तीन अक्षरांहून लहान शब्द नसावा, प्रत्येक अक्षर उभ्या व आडव्या दोन्ही शब्दांत यावें, हे दंडक त्यांच्याच देखरेखीखालीं रूढ झाले.

आतां एक कबुली. गेल्या वर्षीं एका स्मरणिकेस आम्हीं दिलेलें कोडें वस्तुतः सूनबाईंनीं रचिलें होतें. मराठींत हें काम सोपें नव्हे. एका चौकटींत काना-मात्रेसह पूर्ण अक्षर बसतें; उभ्या शब्दांतील 'की' आडव्यांत 'कि' होऊन चालत नाहीं. स्वयंपाकघर आवरल्यावर चार रात्री बसून त्यांनीं तें साधलें. खालीं नांव मात्र आमचें छापलें गेलें, आणि आम्ही गप्प राहिलों. मार्गारेटबाईंनीं आपली चूक ओळखून ती सुधारली. जन्मभर मुलांच्या वह्यांतील ऱ्हस्वदीर्घ तपासणाऱ्या आम्हांस तें जमलें नाहीं!

यंदाच्या कोड्याखालीं सूनबाईंचेंच नांव असेल. वाचकांनींही आपापल्या घरांतील अशा कामांखालचीं नांवें एकदां तपासून पाहावींत.