शिळी कढी? नो वे!

‘इतक्या जुन्या घटनेवर स्टोरी? शिळ्या कढीला ऊत कशाला आणतेस?’ परवा कॉफी पिताना एका मित्रानं सुनावलं. म्हटलं, बॉस, आधी ऐक तर!

७ जून १९४३. सातारा जिल्ह्यातलं शेणोली. पगाराची रक्कम घेऊन निघालेली गाडी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं अडवली. म्होरक्यांपैकी एक होते कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे ‘कॅप्टन भाऊ’. वय जेमतेम विशीचं. आपण त्या वयात कॉलेजचा कट्टा अडवत होतो!

सत्तरहून जास्त वर्षांनी पत्रकार पी. साईनाथ त्यांना भेटले. नव्वदी पार केलेल्या भाऊंचं म्हणणं ठाम होतं : ‘गाडी लुटली’ म्हणू नका, इंग्रजांनी लोकांचा लुबाडलेला पैसा आम्ही परत आणला. फरक एका शब्दाचा. पण तो सांगायला माणूस हयात लागतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये भाऊ गेले. त्याच वर्षी साईनाथांचं ‘द लास्ट हीरोज’ आलं. भाऊ त्यात आहेत, कारण कुणीतरी वेळेत जाऊन विचारलं होतं.

मास कॉममध्ये शिकवलं, बातमी शिळी होते. माणसं संपतात, हे घरी कळलं. माझे आजोबा गिरणी कामगार. १९८२ च्या संपाबद्दल ‘पुढच्या सुट्टीत’ विचारायचं ठरवत राहिले. सुट्टी आली, तेव्हा आजोबा नव्हते.

तेव्हा या रविवारी मॉलमध्ये तासभर उशिरा जा. आधी आजीसमोर बसा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. आणि प्लीज, मध्ये बोलू नका!