बार्शी लाइटच्या वस्तूंना जागा कुठे?

बार्शी लाइट रेल्वेचे संग्रहालय व्हावे याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो जागेचा. काही मंडळी म्हणतात, कारखान्याचे रिकामे गोडाऊन द्या. आमचे मत स्पष्ट आहे : ते नको. हंगामात बगॅसची धूळ, मळीचा दर्प. त्यात जुने कागद टिकायचे नाहीत. शिवाय गोडाऊन साखरेने भरले, की सामान उघड्यावर!

जागा कुर्डुवाडीचीच. १८९७ साली अडीच फुटी रुळावरची ही गाडी तिथूनच बार्शीला सुटली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज गाठले. कॅलथ्रॉप साहेबाने आसावरचा भार पाच टनच ठेवला, म्हणून हलक्या रुळांवर भागले. इंजिने दुरुस्त करणारे वर्कशॉपही कुर्डुवाडीलाच. रूळ रुंद झाले. उरलेसुरले भंगारात जायला कितीसा वेळ?

रेल्वेकडे तिथली एखादी शेड मागावी, तसा ठराव वार्षिक सभेत घ्यावा. ऊसबिलातून कपात मात्र नको. कुणाच्या घरी जुने तिकीट, कंदील असेल तर गट ऑफिसात दाखवा. नोंद आम्ही करू. शेड मिळेपर्यंत वस्तू तुमच्याच घरी राहील.