अमेरिकेने दिले, पण कोणाला?

कर्जमाफीचा विषय निघाला की एक विद्वान हमखास अमेरिकेत जाऊन पोहोचतात. कोरोनात तिथल्या सरकारने काय केलं बघा, म्हणे! नुकसान मोजलं, दर ठरवला, पैसे थेट खात्यात. दलाल नाही, मोर्चा नाही. आणि आपण? दोन हजार रुपये हातावर टेकवले, तेही पीएम-किसानचे, एरवी मिळणारच होते ते.

हे शेवटचं मात्र खरं आहे.

पैसा आला, नाही कोण म्हणतो? एप्रिल 2020 मध्ये अमेरिकी कृषी खात्याने 19 अब्ज डॉलरची योजना जाहीर केली, त्यातले 16 अब्ज थेट उत्पादकांना. सप्टेंबरात दुसरी फेरी, 14 अब्जांपर्यंत. पण पशुपालकांचं मोजलं ते नुकसान नव्हे, जनावरांची डोकी मोजली. जितकं मोठं खटलं, तितका मोठा चेक. एका व्यक्तीला मर्यादा अडीच लाख डॉलर. कंपनी असेल आणि तीन भागीदारांनी प्रत्येकी 400 तास श्रम किंवा देखरेख केली असेल तर साडेसात लाख. 400 तास म्हणजे वर्षभर आठवड्याला धड आठ तासही नाहीत. शेतात घाम गाळणं यालाच म्हणत असावेत!

आता आयोवातल्या सू काउंटीत चला. माणसांपेक्षा डुकरं कितीतरी जास्त असलेला हा मुलूख. इथले बरेच शेतकरी कराराने डुकरं पाळतात. शेड त्यांचं, शेडवरचं कर्ज त्यांचं, मेलेलं जनावर ओढून बाहेर काढणं त्यांच्याकडे. डुक्कर आणि खाद्य दुसऱ्याचं. पाळणाऱ्याला मिळतात ते जागेचे आणि राबण्याचे पैसे. एप्रिल 2020 मध्ये शेजारच्या साउथ डकोटातला सू फॉल्सचा अवाढव्य कत्तलखाना कोरोनामुळे बंद पडला, आयोवातलेही काही बंद पडले. तयार डुकरं शेडमध्येच अडकली, काही ठिकाणी मारून टाकावी लागली, नवी पिल्लं येईनात. बँकेचा हप्ता मात्र वेळेवर येत राहिला. अशा माणसापुढे या मदतीचा एडी-3114 हा अर्ज ठेवा. 16 एप्रिल ते 14 मे या काळात तुमची जास्तीत जास्त किती डुकरं होती? डोईला 17 डॉलर. या माणसाचं उत्तर शून्य. भाव पडण्याची जोखीम ज्याची त्यालाच पैसे, असा नियम.

ओळखीचं वाटतं ना? अर्धेलीने कसणाऱ्याचं पीक गारपिटीत जातं आणि भरपाई सातबारावरच्या नावाला मिळते, यावर आम्ही पूर्वीही भांडलो आहोत. तेव्हाही हेच विद्वान ‘नियम म्हणजे नियम’ म्हणाले होते.

आणि मोर्चा नाही म्हणे! राजधानीत लॉबी बसवलेली असताना मोर्चा काढायचा कशाला?

मग मदत देऊच नये का? जरूर द्यावी, तातडीने द्यावी. मर्यादा खाली आणावी आणि मालकाबरोबर पाळणाऱ्यालाही पहिल्याच हप्त्यात धरावं; त्याचं किती बुडालं ते कराराच्या कागदांवरून कळतं. अमेरिकेलाही अखेर तिथेच यावं लागलं. डिसेंबर 2020 च्या कायद्यात करारी पाळणाऱ्यांसाठी एक अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद झाली. पण बुडालेल्या उत्पन्नाच्या 80 टक्के देण्याचे सुधारित नियम यायला ऑगस्ट 2021 उजाडला. डुकरांच्या मालकांच्या खात्यात पहिला हप्ता 2020 च्या तिथल्या उन्हाळ्यातच जमा झाला होता.